सात की साठ? मैदानावरचा ट्रॉली स्पीकर

मैदानात ट्रॉली स्पीकर, म्हणजे चाकांवर ओढत नेता येणारा बॅटरीवरचा स्पीकर, उभा केला की माईक हातात घेणारा हमखास म्हणतो, 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री.' या चाचणीतून फारसं काही कळत नाही. 'हॅलो' कितीही घुमलं तरी ओळखू येतं, कारण ते येणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्यापेक्षा एकाला शेवटच्या रांगेच्या जागी, स्पीकरकडे पाठ करून उभं करा आणि माईकवर 'सात, साठ, आठ, पास, फास' हे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणा. मागच्याने प्रत्येक शब्द बरोबर ओळखला तर मांडणी जमली. 'आवाज येतोय, पण कळत नाही' असं तो म्हणाला तर आवाज वाढवून काही होणार नाही.

आवाजाचा जोर स्वरांत असतो, अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत. स, ठ, फ, त यांची ओळख पटवणारा भाग साधारण २००० हर्ट्‌झच्या वर असतो. ट्रॉली स्पीकरवर बास (जाड, खालचे सूर) गाण्यांसाठी वाढवून ठेवलेला असतो आणि कराओकेसाठी एको (घुमारा) उघडा असतो. भाषणाला दोन्ही मारक. एको पूर्ण शून्यावर न्यायचा, बास निम्म्याच्याही खाली, ट्रेबल (बारीक, वरचे सूर) निम्म्याच्या किंचित वर. रंगीत दिवे बंद केले तर बॅटरी थोडी वाचते, आणि झेंडावंदनाला ते शोभतही नाहीत.

उदाहरणाला शाळेचं किंवा सोसायटीचं झेंडावंदन घेऊ: दीडशे-दोनशे माणसं, १२ इंची वूफरचा (जाड सुरांच्या मोठ्या भोंग्याचा) एक ट्रॉली स्पीकर, दोन कॉर्डलेस माईक, दोन-तीन भाषणं आणि राष्ट्रगीत.

खोक्यावरचे हजारो वॉट, म्हणजे तो 'पीएमपीओ'चा आकडा, सोडून द्या. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, आणि या आकारात तो खरा ३०-४० वॉट असला तरी पुरे. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. उलट उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. एका मीटरवर १०८ असतील तर २ मीटरवर १०२, ४ वर ९६, ८ वर ९०, १६ वर ८४, ३२ वर ७८. हे आवाजाच्या सर्वांत मोठ्या क्षणांचे आकडे. बोलण्याची सरासरी त्याहून दहा-बारा डेसिबल खाली असते. म्हणजे तीस मीटरवर रस्त्याची रहदारी आणि मुलांची कुजबुज यांवर मात करायला जेमतेम उरतं. एका ट्रॉलीकडून यापेक्षा जास्त लांबची अपेक्षा ठेवू नका.

हे जेमतेम उरलेलंही वाया जातं ते स्पीकर जमिनीवर ठेवल्यामुळे. ट्वीटरमधून, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या भोंग्यातून, निघणारी व्यंजनं सरळ रेषेत जातात आणि उभ्या माणसांच्या अंगात, कपड्यांत मुरतात. पहिल्या रांगेचे कान बधिर होतात आणि मागे नुसता 'भुंऽभुं' पोचतो. स्पीकरच्या तळाशी गोल भोक असेल तर ३५ मिलिमीटरच्या दांड्याचा तिपाई स्टँड त्यात बसतो. भोक नसेल तर भक्कम टेबल. ट्वीटर उभ्या माणसांच्या डोक्यांवर यायला हवा, म्हणजे जमिनीपासून साधारण पावणेदोन-दोन मीटर, आणि स्पीकरचं तोंड किंचित खाली, शेवटच्या दोन-तीन रांगांकडे रोखलेलं. स्टँडच्या तिन्ही पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. टेबलावर ठेवलात तर ट्रॉलीची चाकं दोरीने बांधा. बासच्या धक्क्याने ती कडेकडे सरकत जाते.

आता शिट्टी. माईक स्पीकरचा आवाज ऐकतो, स्पीकर तो परत मोठा करतो, माईक तो पुन्हा ऐकतो, असं चक्र सुरू होतं. वक्ता कायम स्पीकरच्या मागे हवा: स्पीकर वक्त्याच्या पुढे निदान दोन-तीन मीटर आणि एका बाजूला. गडबड होते ती बक्षीस समारंभात. निवेदक नावं घेत घेत मुलांकडे चालत येतो, स्पीकरच्या समोरून जातो आणि सगळं मैदान कानांवर हात ठेवतं. जमिनीवर चुन्याची एक रेघ मारून 'माईक घेऊन याच्या पुढे यायचं नाही' एवढं सांगितलं तरी काम भागतं.

दुसरं कारण हात. हे माईक सहसा कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं ऐकणारे आणि पाठीमागून जवळपास बहिरे. पाठीमागचं ऐकू न येण्याची करामत जाळीच्या मागच्या फटींमुळे होते. गाणाऱ्यांची नक्कल करत जाळीच मुठीत धरली की त्या फटी बुजतात, माईक चारी बाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू होते. मग घाबरून माणूस जाळी तळहाताने झाकतो, तेव्हा ती आणखी वाढते. खालचं टोक धरलं तरी अडचण, कारण बऱ्याच कॉर्डलेस माईकांची अँटेना तिथेच असते. मुठीने सिग्नल दबतो. माईक मधोमध धरायचा, तोंडापासून तीन-चार बोटं, थोडा तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फुत्कार सरळ आत जात नाही.

पाहुणे माईक छातीशी धरून बोलतात. पाच सेंटिमीटरवरून वीसवर गेलं की माईकला मिळणारा आवाज १२ डेसिबलने घटतो. तो भरून काढायला नॉब चढवला की शिट्टी. त्यामुळे नॉबला हात लावण्याआधी माणसाला माईक तोंडाजवळ घ्यायला सांगा. यात संकोच नको. कॉलर माईकची हीच गत आहे, तो मुळातच तोंडापासून लांब. मैदानावर योगाचे किंवा कवायतीचे धडे द्यायचे असतील तर डोक्याला लावायचा हेडसेट माईक घ्या आणि त्याचं बोंड ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर ठेवा. तोंडासमोर आणलंत तर नुसता श्वास ऐकू येईल.

तरीही शिट्टी येत असेल तर तिचा सूर ऐका. 'हूंऽऽ' असा घुमारा असेल तर बास कमी करा, 'कुईंऽऽ' असेल तर ट्रेबल. दोन माईक चालू असतील तर न बोलणाऱ्याचा बंद करा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची सवड ३ डेसिबलने घटते. दोन वक्त्यांना एकच माईक फिरवणं केव्हाही बरं.

वायरलेसची दुखणी वेगळी. खोक्यावर ५० मीटर लिहिलेलं असलं तरी मध्ये माणसं असताना १५-२० मीटरच भरवशाचे धरा. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि ते या लहरी शोषतं. स्पीकर उंचावर ठेवला की आतला रिसीव्हरही उंच जातो, हा जास्तीचा फायदा. आवाज मध्येच तुटत असेल तर आधी माईकमधले सेल बदला. बाकीचे तर्क नंतर. स्वस्तातले जस्त-कार्बन सेल भाषणाच्या मध्यावर बसतात, अल्कलाइन घ्या. रिचार्जेबल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे काही माईकांचा दिवा ते भरलेले असतानाही 'लो' दाखवतो.

एकाच फ्रिक्वेन्सीवर बांधलेल्या स्वस्त सेटमध्ये आणखी एक गंमत घडते. शेजारच्या मैदानात त्याच मॉडेलचा माईक असेल तर त्यांच्या अध्यक्षांचं भाषण तुमच्या स्पीकरवर येतं. चॅनेल बदलता येणारा सेट घ्या आणि आजूबाजूचे कार्यक्रम सुरू झाल्यावर एकदा तपासा, कारण सकाळी सहाला मोकळा असलेला चॅनेल आठला मोकळा असेलच असं नाही. माईक बंद केल्यावर 'खश्श' येत असेल तर आधी स्पीकरवरचा माईकचा नॉब खाली, मग माईकचं बटण. आणि काहीही झालं तरी दहा मीटर वायरचा एक साधा माईक पिशवीत हवाच. ट्रॉलीला ६.३५ मिलिमीटरचं भोक असतं, तिथे तो लागतो.

राष्ट्रगीताची तयारी वेगळी करावी लागते, कारण ५२ सेकंदांत दुरुस्तीला वाव नसतो. फाईल फोनमध्ये उतरवलेली हवी, यूट्यूबवरून नको; ऐन वेळी जाहिरात लागते. फोन फ्लाइट मोडवर, आणि जोडणी ब्लूटूथने नाही तर ३.५ मिलिमीटरच्या वायरने. ब्लूटूथ तुटलं की कित्येक ट्रॉली भर शांततेत 'द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टु पेअर' असं ठणकावून सांगतात, आणि गर्दीतल्या कुणाचाही फोन जोडला जाऊ शकतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे 'माईक प्रायॉरिटी'चा खटका. तो चालू असताना माईकवर आवाज आला की गाण्याचा आवाज आपोआप पडतो. भाषणाच्या सुरुवातीला हे सोयीचं, पण राष्ट्रगीत सुरू असताना जवळ उभी मुलं गाऊ लागली आणि माईक उघडाच राहिला असेल तर धून मध्येच गडप होते. राष्ट्रगीताआधी खटका बंद, माईक बंद. फोन किंवा लॅपटॉप चार्जरला लावून वाजवताना घूं आला तर चार्जर काढून बघा. बहुधा तिथेच संपतं.

गर्दी लांबवर असेल तर मध्यावर दुसरा स्पीकर लावायचा मोह होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दुसरा स्पीकर १७ मीटर पुढे असेल तर त्याच्याजवळच्या माणसाला पहिल्याचा आवाज ०.०५ सेकंद उशिरा ऐकू येतो, ३४ मीटरवर ०.१ सेकंद, आणि प्रत्येक शब्दाला शेपूट लागते. डिले, म्हणजे दुसऱ्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडायची सोय, लावता येत नसेल तर दोन्ही स्पीकर पुढेच, डाव्या-उजव्या बाजूंना ठेवा. बहुतेक ट्रॉलींमध्ये 'टीडब्ल्यूएस'ने (दोन स्पीकर बिनवायरीने जोडायच्या सोयीने) फक्त ब्लूटूथचं गाणं दुसऱ्याकडे जातं, माईक जात नाही. त्यासाठी लाइन आउटची वायर लागते.

परवानगीचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंदी असते आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. स्पीकर उंच आणि लोकांकडे झुकवलेला असला की शेजारच्या इमारतींकडेही कमी आवाज जातो.

बॅटरीमुळे ट्रॉली जेवढ्या बाद होतात तेवढ्या वापरामुळे होत नाहीत. आत सहसा १२ व्होल्टची, ७ किंवा ४.५ अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी असते. ७ची म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. त्यातले निम्मेच भरवशाचे मानून भाषणाला तीनेक तास धरा, दणदणीत गाण्यांना त्याहून बरेच कमी. चार्जर काढून दोन-तीन तासांनी मीटर लावा: १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८च्या खाली म्हणजे संपलीच. रिकाम्या अवस्थेत ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग रात्रभर चार्ज करूनही ती वीस मिनिटांत बसते. अशा वेळी नवी बॅटरी टाका, स्पीकर बदलायची गरज नाही. ७ अँपिअर-तासांची साधारण १५१ × ६५ × ९४ मिलिमीटर मापात सगळीकडे मिळते. लाल वायर लाल टोकाला; उलटी लागली तर फ्यूज जातो, नशीब फिरलं तर अॅम्प्लिफायरही.

१५ ऑगस्टला वापरलेली ट्रॉली अनेक ठिकाणी थेट २६ जानेवारीला कपाटाबाहेर येते, मध्ये पाच महिने. म्हणून कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावा, पुढे दर महिन्याला एकदा. माईकमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून स्प्रिंग खातात. ट्रॉलीच्या मागे चिकटपट्टीवर शेवटच्या चार्जिंगची तारीख लिहा आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेही.