रात्री सव्वादोनचं पाणी

वाघोलीतल्या एका सोसायटीत मी पाण्याचे स्मार्ट मीटर बसवले. इमारतीला हरित मानांकन आहे, तरी उन्हाळ्यात रोज टँकर. आपल्याकडे फ्लॅटमध्ये पाणी एका पाइपने येत नाही. किचनची लाइन वेगळी, दोन बाथरूमच्या दोन, ड्राय बाल्कनीची, म्हणजे कपडे-भांडी धुण्याच्या जागेची, चौथी. म्हणजे एका घराला चार मीटर, आणि ते बसवायचे डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या अरुंद उभ्या पोकळीत, एक पाय पाइपवर ठेवून.

आलेख वाचणं मला जमतं, याचा अभिमान आहे. नळ गळत असेल तर पहाटे तीनलाही रेघ शून्यावर येत नाही, बारीक आणि सपाट चालत राहते. माणूस पाणी वापरतो तेव्हा पायऱ्या दिसतात.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ फ्लशचे. इथे फ्लशला एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळालेलं पाणी, म्हणून उरले ९०. कमिटीने सरसकट चार माणसं धरून ३६० ची मर्यादा घातली. घरात माणसं किती, कोण आजारी, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. मी फ्लॅट नंबरांसकट यादी दिली, आणि सेक्रेटरींनी ती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. जास्तवाले लाल रंगात. सगळ्यात कमी वापराचं कौतुक झालं ते कुलूप लावलेल्या घराचं.

सातव्या मजल्यावरचा एक फ्लॅट ६१० वर होता. ड्राय बाल्कनीच्या मीटरवर रात्री सव्वादोनला चाळीस लिटर, साडेचारला पुन्हा तेवढेच. गळती नव्हती, पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. तरी कमिटीने तपासायला पाठवलं.

दार उघडणाऱ्या ताई म्हणाल्या, "यादीवाले तुम्हीच का, दादा?" आत सासरे अंथरुणाला खिळलेले, अर्धांगवायू. रात्रीतून दोनदा चादर बदलावी लागते. "तशीच ठेवली तर वास येतो हो. त्यांना कळतं सगळं, बोलता येत नाही एवढंच."

मी उगाच नळ उघडून बंद केला. आलेखात सगळं दिसत होतं. सव्वादोनला कुणीतरी जागं आहे हे मला ऑफिसात बसूनच कळलं होतं. का जागं आहे, हे मी विचारलं नव्हतं.

पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाचा आकडा ज्याच्या-त्याच्या मोबाइलवरच जाईल, अशी सोय मी केली. मर्यादा माणसांवर ठरवा, आजारपणाला सूट द्या, असं मीटिंगमध्ये सांगितलं. "मग प्रत्येकजण काहीतरी कारण सांगेल," असं उत्तर मिळालं. सांगू द्या की. घर म्हटलं की कारणं असणारच.

काल नवा आलेख पाहिला. सव्वादोन आणि साडेचारच्या पायऱ्या गेल्यात. सकाळी सहाला एकच उंच पायरी आहे, पन्नास लिटरची. कमिटीने बचतीबद्दल माझं अभिनंदन केलं. त्या मेलला मी अजून उत्तर दिलेलं नाही.