मॅल्कम यंगची रिदम: गेन कमी, तारा जाड, हात घट्ट

१८ नोव्हेंबर आला की एसी/डीसी या रॉक बँडचे चाहते त्याचा रिदम गिटारवादक मॅल्कम यंगची आठवण काढतात. २०१७ साली याच दिवशी तो गेला, वय ६४. स्मृतिभ्रंशामुळे त्याला बँड २०१४ मध्येच सोडावा लागला होता. शाळेचा गणवेश घालून स्टेजभर धावणारा, सोलो वाजवणारा धाकटा भाऊ अँगस सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण मागे अॅम्पपाशी उभा असलेला हा थोरला भाऊ त्या बँडचा कणा होता. बहुतेक गाण्यांत सहगीतकारही तोच. त्याला आदरांजली वाहायची तर त्याची रिदम, म्हणजे गाण्याचा ठेका धरणारे कॉर्ड, नीट वाजवावी, आणि नेमकी तीच बहुतेक कव्हर बँड चुकीची वाजवतात.

सगळ्यात मोठी चूक गेनची, म्हणजे अॅम्प आवाज किती फाडतो ते ठरवणाऱ्या कळीची. हे 'हार्ड रॉक' आहे म्हणून लोक डिस्टॉर्शन पेडल दाबतात आणि कॉर्डचा चिखल होतो. मॅल्कमचा आवाज जवळपास क्लीन होता: १०० वॉटचा मार्शल सुपर बेस अॅम्प, आणि १९६३ ची ग्रेच जेट फायरबर्ड गिटार. तिचे बाकीचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) त्याने काढून टाकले होते, राहिला फक्त ब्रिजजवळचा फिल्टरट्रॉन. घरी छोट्या अॅम्पवर गेन इतकाच ठेवा की हळू वाजवलं तर स्वच्छ वाजेल आणि जोरात मारलं तरच किंचित फाटेल. ओपन ए कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून) धरा. त्यातली प्रत्येक तार वेगळी ऐकू येत नसेल तर गेन अजून कमी करा. बास उतरवा, मिड वाढवा.

मग तारा. तो ०.०१२ ते ०.०५६ इंच जाडीचा निकेलचा सेट लावायचा, तिसरी तारसुद्धा गुंडाळीची. जाड तार जोरात मारली तरी सुरातून कमी सरकते, म्हणून त्याचे कॉर्ड कधी बेसूर वाटत नाहीत. ०.००९ वरून थेट ०.०१२ वर गेलात तर तीन गोष्टी बिघडतात. ताण वाढून नेक पुढे वाकते आणि तारा उंच होतात. नेकच्या आतली ट्रस रॉड ही सळई एका वेळी पाव फेराच घट्ट करा. नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) खाचा अरुंद पडून तार अडकते, ट्यून करताना 'टिक' असा आवाज येतो. खाच रुंद करून घ्यावी लागते. ट्रेमोलो ब्रिज (स्प्रिंगवर हलणारा) असेल तर तो वर उचलला जातो, मागे एखाद-दुसरी स्प्रिंग वाढवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात निकेलच्या तारा लवकर काळवंडतात, तेव्हा वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. ०.०१२ झेपत नसेल तर ०.०११ लावा, पण ०.००९ वर हा आवाज शोधू नका.

आता हात. १९८० चं 'बॅक इन ब्लॅक' घ्या. ई एकदा, डी तीनदा, ए तीनदा. एका बोटाने सगळ्या तारा दाबणारे बार कॉर्ड नकोत, ओपन पकडी घ्या. खरं काम मधल्या शांततेत आहे. कॉर्ड मारला की उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवायची आणि त्याच क्षणी डाव्या हाताची पकड सैल करायची, बोटं तारांवरून न उचलता. एकाच हाताने बंद केलं तर मोकळ्या तारा गुणगुणत राहतात. गेन जास्त असेल तर त्याच फटीत अॅम्प खरखरतो आणि रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा हा तुकडा, मरून जातो. मनगट सैल, पिक जाड.

मेट्रोनोम मूळ वेगाच्या बराच खाली लावा, आणि मग एक अवघड गोष्ट करा: सोलोच्या जागी फिलर न टाकता तोच रिफ वाजवत राहा. घाई झालीच तर ती इथे होते, कारण हाताला काहीतरी वेगळं करावंसं वाटतं.

ऐकताना एका वेळी एकच इअरफोन लावा. रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटारी बहुतेक डाव्या-उजव्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. ज्या बाजूला सजावट नाही आणि सोलो चालू असतानाही रिदम थांबत नाही, तो मॅल्कम.