आप्पांचा नवीन फोन: ११ हजार, १६ हजार की १९ हजार?

फोन घ्यायचा म्हटलं की घरात सगळ्यात जास्त कोण बोलतं, तर ज्याला पैसे द्यायचे नसतात तो. आमच्याकडे ते दाजी. ऑक्टोबर २०२४, दिवाळीचे सेल चालू, आप्पांच्या फोनने मान टाकलेली आणि दाजी रोज एक लिंक पाठवतायत, "हा बघ, आठ अधिक आठ सोळा जीबी रॅम, १०८ मेगापिक्सल, चौदा हजारात!" आणि खाली आगीच्या तीन इमोजी.

आधी आप्पांबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि आप्पांचा बहुतेक दिवस बागेतच जातो. फोन लागतो तो बोलायला, पावसाचा अंदाज बघायला, व्हॉट्सॲपला, रात्री युट्यूबला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पानाचा फोटो काढून बागेच्या कन्सल्टंटला पाठवायला. ऑक्टोबर छाटणी झाली की दावण्या या बुरशीच्या रोगाची धास्ती सुरू, नंतर भुरी हा दुसरा बुरशी रोग आहेच, पानाच्या मागच्या बाजूला पांढरट काही दिसलं की लगेच फोटो जातो आणि त्या फोटोवर कुठली फवारणी घ्यायची ते ठरतं. त्यामुळे मी यादी वाचायला लागलो की आप्पा म्हणायचे, "ते किती मेगापिक्सलचा हाय ते ऱ्हाऊ दे, पानावरची बुरशी दिसती का तेवढं सांग."

खरं तर फोन निवडायला एवढं एक वाक्य बास आहे, पण बाजारात खोक्यावर जे छापलेलं असतं ते या वाक्याचं उत्तर देतच नाही, भलत्याच प्रश्नांची उत्तरं देतं. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली, जुना फोन नक्की कशाने गेला? कॅमेऱ्याने? नाही, तो बरा होता. बॅटरीने? थोडीफार. गेला तो मुख्य म्हणजे ६४ जीबी स्टोरेज भरल्यामुळे आणि ते स्टोरेज मुळात हळू असल्यामुळे, प्लस सिक्युरिटी अपडेट बंद होऊन बराच काळ झालेला आणि त्यावरच आप्पा यूपीआय वापरतायत, ही माझी काळजी. मग मी ठरवलं की ज्या गोष्टी फोन घेतल्यावर नंतर बदलता येत नाहीत, म्हणजे प्रोसेसर (फोनची मुख्य चिप), स्टोरेज, स्क्रीन आणि कंपनी किती वर्षं अपडेट देणार, पैसे त्यालाच द्यायचे. कव्हर, चार्जर, बॅटरीसुद्धा नंतर बदलता येते.

आता दाजींच्या सोळा जीबी रॅमचं बघू. "८ + ८" असं लिहिलेलं असतं त्यातली पहिली ८ खरी रॅम (चालू ॲप जिथे राहतात ती वेगवान मेमरी), दुसरी ८ म्हणजे स्टोरेजमधलाच तुकडा रॅम म्हणून उसना घेतलेला. स्टोरेज हे रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं, त्यामुळे त्याने फोन काही पळायला लागत नाही, वर तुमची जागा जाते ती जातेच. त्यापेक्षा विचारायचं ते हे की स्टोरेज ईएमएमसी (जुना, हळू प्रकार) आहे का यूएफएस (नवा, वेगवान). ईएमएमसी ५.१ ची वाचायची स्पीड सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास, यूएफएस २.२ ची हजारच्या आसपास. ॲप उघडायला लागणारा वेळ, गॅलरी वर सरकवताना अडकणं, अपडेट चालू असताना फोन गोठून बसणं, या सगळ्यात हा फरक जाणवतो. आणि गंमत म्हणजे हे खोक्यावर ठळक लिहिलेलं क्वचितच सापडतं, कंपनीच्या साईटवर स्पेसिफिकेशनमध्ये खाली खाली जाऊन शोधावं लागतं, आणि जिथे प्रकारच लिहिलेला नाही तिथे मी तरी वाईटच धरून चालतो.

मेगापिक्सलचं पण तसंच. ५० मेगापिक्सलचा कॅमेरा नेहमीच्या मोडमध्ये चार-चार पिक्सल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सलचा फोटो देतो, १०८ वाला नऊ-नऊ एकत्र करून १२ चा. म्हणजे दोन्हीकडे हातात येतो तो १२ चाच फोटो, फरक पडतो तो सेन्सरचा आकार, लेन्स आणि सॉफ्टवेअरचा. आणि "ट्रिपल कॅमेरा" म्हणून जे २ मेगापिक्सलचे मॅक्रो नाहीतर डेप्थ लेन्स चिकटवलेले असतात ना, ते माझ्या मते निव्वळ मागच्या बाजूला भोकं जास्त दिसावीत म्हणून आहेत. मॅक्रो म्हणजे जवळचा फोटो, म्हणजे पानाला उत्तम, असं मलाही कुणीतरी सांगितलं. दुकानात शेजारच्या कुंडीतल्या झाडावर करून बघितलं, २ मेगापिक्सलच्या मॅक्रोने काढलेलं पान झूम केलं की सगळा चिखल. मेन कॅमेऱ्याने वीतभर लांबून काढून तोच फोटो क्रॉप केला तर पानाच्या शिरा मोजता येत होत्या. आप्पांना दोन्ही दाखवले, ते म्हणाले हे दुसरं चालंल.

प्रोसेसरच्या नावांनी तर डोकं उठतं. मीडियाटेकची डायमेन्सिटी ७०० ही चिप २०२० ची, मग तीच नाव बदलून ६०२० झाली, ८१० होती ती ६०८० झाली, पुढे ६१००+ आणि ६३०० आली. आकडा वाढत गेला पण आतली मांडणी बघा, दोन ताकदीचे ए७६ कोअर (कोअर म्हणजे चिपमधला काम करणारा भाग) आणि सहा हलके ए५५ कोअर, सगळ्यांत तेच, फक्त चालायचा वेग थोडा इकडेतिकडे. वाईट चिप नाही, आप्पांच्या कामाला भरपूर झाली, पण "लेटेस्ट प्रोसेसर" म्हणून जास्तीचे दोन हजार देण्यासारखं त्यात काही नाही.

५जी वर फार वेळ घालवला नाही, बागेत मुळात ४जी ची रेंज धड आली तरी पुरे. एक गोष्ट मात्र बघून घ्या. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे ५जी सुरू झालं तेव्हा जिओने स्टँडअलोन पद्धत घेतली आणि एअरटेलने ४जी च्या आधारावर चालणारी नॉन-स्टँडअलोन. २०२४ मध्ये स्वस्त फोनसाठी स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ ही चिप आली, ती फक्त स्टँडअलोनच धरते. म्हणजे खोक्यावर ५जी लिहिलेलं असेल, सिम एअरटेलचं असेल, आणि तुमच्याकडे त्यांचं ५जी नॉन-स्टँडअलोनच असेल, तर कोपऱ्यात ४जी च दिसत राहील. आप्पांकडे दोन्ही सिम आहेत, बागेत एक चालतं आणि गावात दुसरं.

दोन सिमवरून आठवलं, स्लॉट हायब्रिड आहे का ते बघाच. हायब्रिड म्हणजे दुसरं सिम घाला नाहीतर मेमरी कार्ड घाला, दोन्ही नाही. "कार्ड टाकता येतं की" म्हणून कमी स्टोरेजचा फोन घेतला आणि घरी येऊन बघितलं तर कार्डाच्या जागेवर सिम, असं होतं. सेलच्या पानावर "१ टीबीपर्यंत वाढवता येते" एवढंच मोठ्या अक्षरात असतं.

आता स्क्रीन आणि अंगठा. या दोन गोष्टींवर आमचा निकाल लागला असं म्हणायला हरकत नाही. जाहिरातीत २००० निट्स, ३००० निट्स असे आकडे असतात (निट्स म्हणजे उजेडाचं माप) ते पीक ब्राइटनेसचे, एचडीआर व्हिडिओत स्क्रीनचा छोटासा भाग तेवढा उजळतो, उन्हात अख्खी स्क्रीन किती उजळते तो आकडा वेगळा आणि बराच कमी असतो. म्हणून दुकानदाराला विनंती करून डेमो फोन घेऊन सरळ बाहेर फुटपाथवर आलो, दुपारी दोनचं ऊन, आणि आप्पांना व्हॉट्सॲप उघडून दिलं. ११ हजारवाल्या एलसीडी स्क्रीनवर त्यांनी फोनवर हाताची सावली धरली. ॲमोलेडवर धरली नाही. बास, याहून मोठं बेंचमार्क नको.

अंगठ्याचं म्हणजे, आयुष्यभर माती, औषधं आणि कात्री यात हात गेलेत, ठसे झिजलेत, रेशन दुकानातल्या मशीनवर पण आप्पांचा अंगठा लवकर लागत नाही. स्क्रीनच्या आतला फिंगरप्रिंट सेन्सर (या किमतीत तो ऑप्टिकल असतो, म्हणजे उजेड पाडून बोटाचा फोटो काढणारा) त्यांचं बोट ओळखेचना. बाजूच्या पॉवर बटणातला सेन्सर दहातल्या आठ वेळा तरी ओळखतो. यूट्यूबवरचे रिव्ह्यूवाले स्क्रीनमधल्या सेन्सरला "प्रीमियम" म्हणतात, आणि बाजूचा असेल तर तोंड वाकडं करतात. त्यांनी द्राक्षं काढलेली नाहीत.

तर शेवटी तीन फोन राहिले. एक ११ हजारांचा, डायमेन्सिटी ६३००, एचडी+ एलसीडी, ३ वर्षं सिक्युरिटी अपडेट. दुसरा सीएमएफ फोन १, लाँचची किंमत १५,९९९, यात डायमेन्सिटी ७३०० म्हणजे खरोखर वरच्या वर्गाची चिप, ॲमोलेड स्क्रीन, पण सेन्सर स्क्रीनच्या आत आणि अपडेट परत ३ वर्षांचेच. तिसरा सॅमसंग गॅलॅक्सी ए१६ ५जी, तेव्हा १८,९९९, नुकताच आलेला, सेन्सर बाजूच्या बटणात. आता गंमत बघा, ए१६ मधली चिप कुठली? तीच ६३००, जी ११ हजारवाल्यात आहे! दाजी म्हणाले आठ हजार रुपये नावाचे घेतात राव. तसं वाटतं खरं. पण त्या आठ हजारात ॲमोलेड फुल एचडी+ स्क्रीन येते, ८ जीबी रॅम येते, आणि मुख्य म्हणजे ६ वर्षं अपडेट देऊ असं कंपनी सांगते. मी कॅल्क्युलेटर काढला, १८,९९९ भागिले ६, वर्षाला साधारण ३,१७० रुपये. १०,९९९ भागिले ३, वर्षाला ३,६७०. आणि १५,९९९ भागिले ३ म्हणजे वर्षाला ५,३३० च्या पुढे. म्हणजे अपडेटच्या हिशोबाने बघितलं तर सगळ्यात महाग वाटणारा सगळ्यात स्वस्त पडतोय.

हा हिशोब पूर्ण खरा आहे का? नाही, माझाच मला पटलेला नाही. ही चिप पाचव्या-सहाव्या वर्षी कशी चालेल देव जाणे, आणि त्याच्या आधी फोन पाण्याच्या टाकीत पडायची शक्यता आप्पांच्या बाबतीत जास्त आहे (आयपी५४ म्हणजे धूळ आणि शिंतोडे, बुडालं तर नाही). पण चार वर्षं जरी धरली तरी वर्षाला पावणेपाच हजार, आणि त्या चारही वर्षांत यूपीआय असलेला फोन अपडेट राहतो, तर ते मला चालतंय. ज्याला दर दोन वर्षांनी फोन बदलायचाच आहे त्याने या सहा वर्षांसाठी एक रुपया जास्त देऊ नये.

तर आप्पांसाठी ए१६ ठरला. त्याचाच २५६ जीबीवाला तीन हजार जास्त सांगत होते. हायब्रिड स्लॉट, दोन सिम, म्हणजे कार्ड नाही, म्हणून मोह झाला होता. पण मग जुन्या फोनमध्ये काय भरलंय ते बघितलं, तर सुप्रभात, शुभ रात्री, एकाच सभेचे पाच ग्रुपवरून आलेले पाच व्हिडिओ. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद केलं, १२८ घेतला, तीन हजार वाचले. बॅकअपचंही लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजला जातो, आधी मोजत नव्हते.

पैसे देताना "नो कॉस्ट ईएमआय घ्या ना" हा आग्रह झालाच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या स्कीमना मनाई केली होती, म्हणून आता व्याज लावतात आणि तेवढीच सूट आधी देतात. पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेते आणि वर प्रोसेसिंग फी, ते तुमच्याच खिशातून. आपल्या रकमेला सहा महिन्यांचे मिळून तीन-चारशे रुपये होत होते. खूप नाहीत, पण मग नो कॉस्ट म्हणू नका. शिवाय ईएमआय घेतला तर रोखीची सूट जाते ती वेगळीच. तसाही फोनवर जीएसटी १८ टक्के आहे (२०२० च्या मार्चपर्यंत १२ होता), म्हणजे १८,९९९ मधले जवळजवळ २,९०० सरकारचे. आप्पांनी हे ऐकून दुकानदाराकडे असं बघितलं की तो म्हणाला काका मी काय करणार.

ऑनलाईन काही शे रुपये कमी होते. तरी सांगलीत दुकानातूनच घेतला, कारण जुना डेटा त्यांनी तिथेच टाकून दिला, टेम्पर्ड ग्लास लावून दिली आणि फोन उन्हात न्यायला दिला. चार्जर खोक्यात नाही, तो वेगळा घ्यावा लागला, हे बजेटमध्ये आधीच धरा.

आता भाच्याला फोन हवाय, अकरावीत आहे, गेम खेळतो, बोटं शाबूत आहेत आणि दोन वर्षांनी नवीन मागणारच आहे. त्याला मी सीएमएफच सांगितला, एवढ्या पैशात ती चिप मिळत असेल तर गेम खेळणाऱ्याने अपडेटची वर्षं मोजत बसू नये. दाजी मात्र स्वतःच्या खिशातून द्यायचे म्हटल्यापासून जास्त शांत झालेत, परवा विचारत होते की आप्पांचा जुना रिसेट करून चालेल का.