दोघांनी मिळून केलेले आर्थिक नियोजन : माझा अनुभव

गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता कायद्याने सामाईक धरली जाते. त्यामुळे इथल्या कुटुंबात दोघांपैकी एकानेच आर्थिक नियोजन करणे अपुरे ठरते, हे मला आमच्या सल्लागार बाईंमुळे नीट उमगले. मी फोंड्याच्या एका विद्यालयात शिक्षिका आहे, यजमानांचे विजेच्या सामानाचे दुकान आहे आणि प्रियोळला घरचे लहानसे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. तिन्हीकडून येणाऱ्या पैशाची चाल निराळी, आणि तो एकत्र मांडून पाहणारे कोणी नव्हते.

सल्लागार निवडताना आम्ही आधी नोंदणी पाहिली. भांडवली बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेच्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार आपल्या अशिलाकडून शुल्क घेतो आणि त्याच अशिलाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. त्याचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. म्युच्युअल फंड वितरकाचा क्रमांक ‘एआरएन’ने सुरू होतो आणि त्याची कमाई कमिशनमधून होते. प्रामाणिक वितरकही पुष्कळ आहेत, परंतु “हे घेऊ नका” असे सांगण्यात ज्याचे काहीच नुकसान नाही, असे माणूस आम्हाला हवे होते.

पहिल्या बैठकीला बाईंनी दोघांनाही बोलावले आणि गुंतवणुकीच्या कागदांआधी विवाहनोंदणीचा दाखला व मागील आयकर विवरणपत्रे मागितली. आयकर कायद्याप्रमाणे, सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत असलेल्या गोव्यातील जोडप्याचे पगाराखेरीज इतर उत्पन्न, म्हणजे व्यवसायाचा नफा, घरभाडे, व्याज आणि भांडवली नफा, दोघांच्या विवरणपत्रांत निम्मे-निम्मे दाखवावे लागते. म्हणजे दुकानाचा अर्धा नफा माझ्या पगारावर चढतो आणि मी करपात्र उत्पन्नाच्या कोणत्या टप्प्यात आहे हे दुकानाच्या हंगामावर ठरते. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे “बायकोच्या नावावर ठेव करा, कर वाचेल” हे सल्ले आमच्या घराला का लागू पडत नाहीत, ते त्या दिवशी आकड्यांनिशी कळले.

मग त्यांनी नामनिर्देशनाची चौकशी केली. यजमानांच्या एका जुन्या मुदत ठेवीवर लग्नाआधीपासून सासूबाईंचे नाव होते. बाईंनी समजावले की ठेवीदाराच्या पश्चात बँक नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती पैसे देते, पण ती व्यक्ती ते वारसांच्या वतीने सांभाळते. शिवाय सामाईक मालमत्तेतला अर्धा वाटा मुळातच पत्नीचा असतो आणि उरलेल्या अर्ध्यापैकीही केवळ निम्म्याचेच मृत्युपत्र करता येते, कारण बाकीचा भाग मुलांसारख्या हक्कदार वारसांसाठी राखीव असतो. सासूबाईंना हे सांगणे नाजूक काम होते. यजमानांनी त्यांच्याशी शांतपणे बोलून नाव बदलले आणि त्यांच्या औषधपाण्यासाठी वेगळी ठेव केली. पैशाचा हा विषय घरात इतक्या मोकळेपणाने प्रथमच निघाला, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे तेच.

पावसाळ्यात दुकान मंदावते आणि सुपारीचे पैसे हंगामातच येतात. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम वेगळी ठेवायचे ठरले. एका बँकेत एका ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंतच (फेब्रुवारी २०२० पासून व्याजासह ५ लाख रुपये) ठेवविमा मिळतो, हे लक्षात घेऊन ती दोन बँकांत विभागली.

बाईंशी जुळलेल्या या नात्याची खरी कसोटी मार्च २०२० मध्ये लागली. २३ मार्चला सेन्सेक्स हा शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळला, दुकानाला टाळे होते, आणि यजमानांनी एसआयपी, म्हणजे फंडातली दरमहाची ठरावीक गुंतवणूक, थांबवून सगळे फंड विकायचे ठरवले. बाईंनी फोनवर बाजाराविषयी कोणतेही भाकीत केले नाही. “यातले कोणते पैसे तुम्हांला येत्या तीन वर्षांत लागणार आहेत?” एवढेच विचारले आणि आमच्याच सह्यांचा आराखडा उघडायला सांगितले. लेकीच्या शिक्षणाची नजीकची रक्कम ठेवीत सुरक्षित होती आणि फंडातले पैसे आमच्या निवृत्तीसाठी होते. दुकान बंद असल्यामुळे एसआयपीची रक्कम तेवढी कमी केली, पण विक्री केली नाही. आम्हाला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या माणसानेच हा प्रश्न विचारला, म्हणून यजमानांनी तो ऐकून घेतला.

दरवर्षी चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की आम्ही पणजीला त्यांच्याकडे बसतो. कधी विमा वाढतो, कधी काहीच बदलत नाही, आणि काही न बदलण्याच्या वर्षीही शुल्क देताना मला जड वाटत नाही. यंदा लेकही येणार आहे. विवाहानंतर मालमत्तेची पद्धत बदलता येत नाही, त्यामुळे करार करायचा की नाही याचा विचार नोंदणीपूर्वीच व्हायला हवा. लग्नाचे अजून काही ठरलेले नसले तरी तो विषय बाईंनी तिच्याशी थेट बोलावा, असे आम्ही सुचवले आहे.