इंग्रजी मालिकांवर इंग्रजीत गप्पा: सराव नोंद, टप्पा तिसरा

या टप्प्यात नवे शब्द कमी जमवले, जुन्यांची झाडाझडतीच जास्त झाली. क्लिफहँगर, स्पॉयलर, प्लॉट ट्विस्ट, बिंज ही नामं पहिल्या दोन टप्प्यांत झाली होती. खरं तर ती गटातल्या बहुतेकांना आधीपासूनच येत होती. अडतं ते दोन ठिकाणी: छोट्या क्रियापदांवर, आणि मराठी मालिकांबद्दल बोलताना आपण बिनधास्त वापरतो त्या इंग्रजी शब्दांवर. दुसरं दुखणं जास्त चिवट आहे. शब्द इंग्रजीच, त्यामुळे काही चुकतंय अशी शंकाही येत नाही.

घरचं इंग्रजी

आधी 'सीरियल'च घ्या. कॉर्नफ्लेक्सच्या 'सीरियल'चा उच्चार हुबेहूब हाच, त्यामुळे "आय वॉच सीरियल्स" ऐकून ब्रिटिश माणूस क्षणभर गोंधळतो. रोजच्या बोलण्यात अमेरिकेत 'शो' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'सीरीज', 'ड्रामा' किंवा 'प्रोग्रॅम'. वर्षानुवर्षं चालणारी, शेवट नसलेली मालिका म्हणजे 'सोप'. १९३०च्या दशकात अमेरिकी रेडिओवरच्या अशा मालिकांना साबण कंपन्या पैसा पुरवत, त्यावरून हे नाव पडलं.

'सीरीज' वापरताना मात्र समोर कोण आहे ते बघायचं. अमेरिकेत ज्याला 'सीझन टू' म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये 'सीरीज टू' म्हणायची जुनी रीत आहे. "द सेकंड सीरीज वॉज बेटर" हे वाक्य अमेरिकी श्रोत्याला दुसऱ्याच कुठल्या तरी मालिकेबद्दलचं वाटू शकतं. शंका असेल तर 'सीझन' म्हणा. तो दोन्हीकडे समजतो.

'एंट्री' आपल्याकडे सगळ्यांची होते. इंग्रजीत पात्र कथेत आलं तर "शी शोज अप इन एपिसोड थ्री", कलाकार नव्यानं मालिकेत आला तर "ही जॉइन्ड द कास्ट". 'मेक्स ॲन एन्ट्रन्स' हे धुरळा उडवत येणाऱ्यासाठी राखून ठेवा. 'ट्रॅक'ला 'स्टोरीलाइन', 'लीप'ला 'टाइम जंप', 'टायटल साँग'ला ब्रिटनमध्ये 'थीम ट्यून' आणि अमेरिकेत 'थीम साँग'. 'निगेटिव्ह रोल' असं म्हणत नाहीत. "ही प्लेज द व्हिलन" पुरे. टीआरपी हे अक्षरी नाव भारताबाहेर सहसा कळत नाही, तिथे 'रेटिंग्ज' किंवा 'व्ह्यूइंग फिगर्स'. पात्र तेच राहून कलाकार बदलला तर "दे रीकास्ट हिम". आपल्याकडे हा प्रकार इतका होतो की हे क्रियापद सगळ्यांना एका बैठकीत बसलं.

'क्लायमॅक्स' सगळ्यात फसवा. आपण तो 'शेवट' या अर्थानं वापरतो. इंग्रजीत तो ताणाचा सर्वोच्च क्षण, शेवट त्याच्यानंतर येतो. "आय डिडन्ट लाइक द क्लायमॅक्स" म्हणताना बहुतेकदा मनात असतं "आय डिडन्ट लाइक द एंडिंग". आणि 'ऑफ एअर गेली' याचे दोन वेगळे अर्थ वेगळे ठेवायला हवेत: वाहिनीनं बंद केली तर "इट गॉट कॅन्सल्ड" (ब्रिटिश वृत्तपत्रांत 'ॲक्स्ड'), कथा संपवून थांबली तर नुसतं "इट एन्डेड".

क्रियापदं

ही बघण्याच्या क्रमानं लावली की लक्षात राहतात. सुरुवातीला 'गेट इंटू': "आय कुडन्ट गेट इंटू इट" म्हणजे मन रमलं नाही. चटक लागली तर "आय वॉज हुक्ड". कशाची ते सांगताना 'हुक्ड ऑन', 'हुक्ड टू' नाही. "आय वॉज हुक्ड बाय एपिसोड टू" यातलं 'बाय' म्हणजे 'दुसऱ्या भागापर्यंत', हे आधी कोणालाच पटेना. मालिका संथ पण पकड घेणारी असेल तर 'स्लो बर्न', आणि नुसतीच संथ असेल तर "इट ड्रॅग्ज". पहिलं कौतुक, दुसरी तक्रार.

मधल्या टप्प्यात 'बिहाइंड' आणि 'अप टू' नीट यायलाच हवेत, कारण स्पॉयलरपासून तेच वाचवतात. "आय ॲम टू एपिसोड्स बिहाइंड", "आय ॲम अप टू एपिसोड फोर". मागे राहिलेलं बघून काढायचं असेल तर 'कॅच अप ऑन'. इथलीच एक नेहमीची फजिती: कथा समजेनाशी झाली म्हणून "आय लॉस्ट द प्लॉट" म्हणणं. ब्रिटनमध्ये याचा अर्थ 'माझं डोकं ठिकाणावर नाही' असा होतो. हवं ते "आय लॉस्ट द थ्रेड" किंवा साधं "आय कुडन्ट फॉलो इट".

पात्र गेलं की तीन वाटा. "शी वॉज किल्ड" ही कथेतली घटना. "शी वॉज किल्ड ऑफ" म्हटलं की रोख लेखकांवर जातो, त्यांनी पात्र मारून टाकलं. "शी वॉज रिटन आउट" म्हणजे कथेतून काढलं. मेलंच असेल असं नाही, परगावी पाठवलेलंही चालतं. उकल होताना "इट टर्न्स आउट दॅट", सुटे धागे जुळले तर "दे टाइड अप द लूज एंड्स", अंदाज आधीच आला असेल तर "आय सॉ इट कमिंग". एखाद्या पात्राची बाजू घेतो ते 'रूट फॉर'. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी मात्र हा प्रयोग टाळलेला बरा. तिथे 'रूट'ला अश्लील अर्थ आहे आणि लोक 'बॅरक फॉर' म्हणतात.

'जंप द शार्क' सगळ्यांना आवडतो, कारण त्यामागे गोष्ट आहे: १९७७ मध्ये 'हॅपी डेज' या अमेरिकी मालिकेच्या नायकानं वॉटर स्कीवरून खरोखरच शार्कवरून उडी मारली. मालिका त्यानंतर १९८४ पर्यंत चालली, तरी घसरण सुरू होण्याच्या क्षणाला हेच नाव चिकटलं. ओळखता आला की झालं. बोलताना "इट वेन्ट डाउनहिल आफ्टर सीझन थ्री" जास्त कामाला येतं.

ऐकायचं काय

नव्यानं आलेल्यांसाठी मुद्दाम: ही भाषा मालिकांच्या संवादांत फारशी सापडत नाही. पात्रं भांडतात, रडतात, खून लपवतात. "दुसरा सीझन रेंगाळला" असं म्हणत नाहीत. 'ईस्टएंडर्स' (बीबीसी, १९८५ पासून) बघून पूर्व लंडनच्या बोलीला कान सरावेल, पण त्या मालिकेबद्दल कसं बोलायचं ते कळणार नाही. भाग संपताना वाजणाऱ्या ढोलांना प्रेक्षक 'डूफ डूफ' म्हणतात, हेही प्रेक्षकांकडूनच कळतं. त्यासाठी भागांची चर्चा करणारे पॉडकास्ट, नाही तर चॅनेल फोरचा 'गॉगलबॉक्स' (२०१३ पासून). त्यात घरोघरची माणसं सोफ्यावर बसून टीव्हीवर शेरे मारतात. आपल्याला नेमकं हेच हवं.

तुकडा तीन-चार मिनिटांचाच घ्या. आधी सबटायटलशिवाय, मग इंग्रजी सबटायटलसह, मग वाक्यागणिक थांबवून म्हणत. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली कॅप्शन्स मिळाली तर ती निवडा. साधी सबटायटल्स वाचायच्या वेगात बसवायला छाटलेली असतात आणि 'सॉर्ट ऑफ', 'आय मीन', 'टू बी फेअर' हेच आधी उडतं. गप्पांचा सूर त्यातच असतो. एखादा शब्द कसा उच्चारतात ते तपासायला यूग्लिश ही वेबसाइट, व्हिडिओंतून तो शब्द ऐकवते. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकी वेगळे ऐकता येतात.

कार्डं

अंकी या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये रोजची नवी कार्डं मुळात २० असतात. ती ५ वर आणा, नाही तर उजळणी साचते आणि लोक ॲपच उघडेनासे होतात. कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द नको, मराठीतला प्रसंग लिहा: 'दोन भाग बघायचे राहिलेत, शेवट सांगू नको.' मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. पुढे 'कॅच अप' आणि मागे 'गाठणे' अशी कार्डं ओळखायला ठीक असतात, पण बोलताना त्यांतून वाक्य निघत नाही.

मिनिटभर कथा सांगण्याचा सराव फोनवर रेकॉर्ड करून ऐका. सगळ्यांची एकच चूक सापडते: काळ. कथा साध्या वर्तमानात (शी फाइंड्स द लेटर), आपली प्रतिक्रिया भूतकाळात (आय वॉज शॉक्ड). मराठीत 'मग तिला पत्र सापडलं' असं सांगायची सवय असल्यानं तिसऱ्या वाक्यापर्यंत सगळं भूतकाळात घसरतं. 'आय वॉज बोअर्ड' आणि 'इट वॉज बोरिंग' यांची अदलाबदल अजून होते. "आय वॉज बोरिंग" म्हणजे कंटाळा मीच आणला.

मत देताना तीव्रता सांभाळायची. ब्रिटिश "नॉट बॅड" हे बऱ्यापैकी कौतुक असतं, "इट वॉज ऑल राइट" थंड. 'क्वाइट गुड' अमेरिकेत 'खूप चांगलं', ब्रिटनमध्ये बहुधा 'बरं आहे'.

पुढच्या टप्प्यात अभिनयावरचे शब्द: 'अंडरप्लेड', 'ओव्हर द टॉप', 'फोन्ड इट इन', 'स्टोल द शो'. प्रत्येकानं एकाच दृश्यावर चार वाक्यं रेकॉर्ड करून आणायची, त्यात 'ॲक्टिंग' हा शब्द एकदाच चालेल.