तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याच माणसांचे हिशेब बाहेरच्याने कशाला तपासायचे?

इंग्लंडमधल्या छोट्या धर्मादाय संस्थांचे वार्षिक हिशेब मी तपासते. एका गावचा हॉल, एका शाळेची पालक संघटना, एक फूड बँक, आणि अलीकडे काही मराठी मंडळं आणि शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळा. बाकीचे लोक कागद आणून देतात आणि अहवाल कधी मिळेल ते विचारतात. आपली माणसं मात्र आधी एक प्रश्न विचारतात: "सगळी घरचीच माणसं आहेत, कुणी पैशाला हात लावणारं नाही. मग हिशेब बाहेरच्याकडून कशाला तपासून घ्यायचे? विश्वास नाही का आमच्यावर?" शेवटचं वाक्य हसत म्हटलेलं असतं, पण ते लागलेलं असतं हे कळतं. म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

कायद्याचा भाग आधी उरकते. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय संस्थांना २०११चा चॅरिटीज ॲक्ट लागू आहे. त्या कायद्याखाली २०२५ साली लागू असलेल्या मर्यादांप्रमाणे वर्षाचं उत्पन्न २५,००० पौंडांच्या वर गेलं की हिशेबांची बाहेरच्या व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागत होती. उत्पन्न २,५०,००० पौंडांच्या वर असेल तर तपासणारी व्यक्ती कायद्यात नावं दिलेल्या लेखा-संस्थांपैकी एखादीची सभासद असावी लागत होती. पूर्ण ऑडिटची रेषा त्याच्याही पुष्कळ वर आहे. २०१५ साली ती ५ लाखांवरून १० लाख पौंडांवर नेली. सरकार या रेषा अधूनमधून सरकवत असतं, तेव्हा तुमच्या आर्थिक वर्षाला कोणती लागू आहे ते चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, संकेतस्थळावर पाहून घ्या. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि कडक आहे. तिथे संस्था कितीही लहान असली तरी तपासणी चुकत नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींचा गोंधळ इथेच होतो. तिकडे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाचे हिशेब दरवर्षी सनदी लेखापालाकडून, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीकडून, तपासले जातात आणि अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. ऑडिट आणि काहीच नाही, यांच्या मधली पायरी आपल्याला माहीत नसते. इथे ती आहे. 'इंडिपेंडंट एक्झामिनेशन' म्हणतात ती हीच. लहान संस्थेला ऑडिटचा खर्च झेपत नाही आणि तपासणीशिवाय सोडणंही बरोबर नाही, म्हणून ही पायरी काढली. ती फार शहाणपणाने काढली आहे असं माझं मत आहे, आणि वर्षागणिक ते पक्कं होत चाललं आहे.

फरक नेमका काय? ऑडिटर म्हणतो, हे हिशेब संस्थेचं खरं आणि योग्य चित्र दाखवतात. त्यासाठी तो स्वतः पुरावे गोळा करतो, बँकेला पत्रं लिहितो, नमुने काढून तपासतो. मी एवढं म्हणत नाही. माझ्या अहवालाचा आशय असा असतो: हिशेबाच्या वह्या कायद्याप्रमाणे ठेवलेल्या नाहीत, किंवा वार्षिक हिशेब त्या वह्यांशी जुळत नाहीत, असं वाटायला लावणारी कोणतीही महत्त्वाची गोष्ट माझ्या नजरेला आली नाही. वाचायला हे वाक्य मिळमिळीत वाटतं. पण त्यावर माझं नाव, पत्ता आणि सही असते. ती करण्यापूर्वी चॅरिटी कमिशनने घालून दिलेले १३ निर्देश मला पाळावे लागतात आणि मी काय पाहिलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं याची टिपणं ठेवावी लागतात.

प्रत्यक्षात मी काय करते ते सांगते, कारण तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी संस्थेची घटना वाचते. आश्चर्य वाटेल, पण पुष्कळ समित्यांनी स्वतःची घटना कित्येक वर्षांत उघडलेली नसते. काही मंडळांच्या घटनेत 'हिशेबांचं ऑडिट व्हावं' असं लिहिलेलं सापडतं, कारण स्थापना करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तिकडची पद्धत होती. कायदा ऑडिट मागत नसला तरी घटना मागते, आणि विश्वस्त घटनेला बांधलेले असतात. अशा वेळी मी सांगते, आधी सभा बोलवा आणि ते कलम बदलून घ्या.

मग समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, सगळ्या खात्यांची बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट, रोकडवही, पावत्या, बिलं, अनुदानाची पत्रं. पहिला प्रश्न बँकेचा: वर्षाच्या शेवटच्या दिवशी वहीत दिसणारी शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांचा मेळ बसतो का? फरक असेल तर कोणता चेक अजून वटायचा आहे, कोणता भरणा वाटेत आहे? मग मागच्या वर्षाशी तुलना. हॉलचं भाडं एकदम दुप्पट का झालं? वर्गणी कमी कशी झाली, सभासद तर वाढलेत? बहुतेक वेळा उत्तर साधं असतं. ते विचारलं आणि लिहून ठेवलं, एवढं पुरतं.

आपल्या मंडळांत पैशाची वाट कुठे धूसर होते हे आता मला ठाऊक झालंय. गणपतीत आणि दिवाळीत. एका दिवसात तिकिटं, जेवणाची कुपनं, स्टॉलचं भाडं, रॅफल, आरतीच्या ताटातले पैसे, सगळं एकाच वेळी येतं, आणि ते घेणारी माणसं त्याच वेळी वाढपसुद्धा करत असतात. रोख रक्कम जागच्या जागी दोघांनी मोजून, कागदावर लिहून, दोघांनी सह्या करायच्या, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे प्रश्न उरत नाहीत. कार्ड मशीनचं आणखी एक आहे. १,००० पौंडांची तिकिटं विकली गेली तर कमिशन कापून खात्यात समजा ९८३ येतात, आणि खजिनदार ९८३ हेच उत्पन्न लिहितात. उत्पन्न १,००० आहे आणि १७ पौंड हा खर्च आहे. तपासणीच्या रेषेच्या काठावर असलेलं मंडळ या बाजूला की त्या बाजूला, हे हा फरक ठरवू शकतो.

गिफ्ट एडचा विषय तर मी दर वेळी काढते. करदात्याने दिलेल्या एक पौंडाच्या देणगीवर संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. पण कार्यक्रमाचं तिकीट ही देणगी नव्हे, त्यावर दावा करता येत नाही. उलट, आरतीच्या ताटात लोक आपखुशीने रोख टाकतात त्यासाठी लहान देणग्यांची वेगळी योजना आहे: प्रत्येकी ३० पौंडांपर्यंतची, वर्षाला एकूण ८,००० पौंडांपर्यंतची रक्कम, देणाऱ्यांकडून फॉर्म भरून न घेता. म्हणजे जास्तीत जास्त २,००० पौंड. अट एवढीच की त्याच वर्षी संस्थेने नेहमीच्या गिफ्ट एडचा दावाही केलेला हवा आणि दोन्हींचं प्रमाण नियमात बसायला हवं. कित्येक मंडळं तिकिटांवर चुकून दावा करतात आणि ताटातल्या पैशांवर हक्काचा दावा सोडून देतात. मला हे पाहून खरोखर वाईट वाटतं, कारण २,००० पौंडांत मराठी शाळेची वर्षाची पुस्तकं येतील आणि जागेच्या भाड्यालाही हातभार लागेल.

शाळेवरून रिस्ट्रिक्टेड फंड, म्हणजे ठरावीक कामासाठीच मिळालेले पैसे, आठवले. कौन्सिलने मुलांच्या पुस्तकांसाठी दिलेलं अनुदान पुस्तकांवरच खर्च व्हायला हवं. ढोल-ताशाच्या खर्चाला तात्पुरतं वापरून नंतर परत टाकू, असं कुणी मनापासून म्हणालं तरी तो विश्वासाचा भंग ठरतो. एकच बँक खातं असतं, पैशाला रंग नसतो, त्यामुळे वहीत वेगळा रकाना नसेल तर वर्षाखेरीला कुणालाच कळत नाही की शिल्लक रकमेतली किती आपली आणि किती पुस्तकांची. हा रकाना मी प्रत्येकाला घालायला लावते.

आता विश्वासाचं. एका मंडळाच्या खजिनदार बाईंचं उदाहरण देते. मंडळाकडे स्वतःचं कार्ड नव्हतं, म्हणून हॉलची अनामत, सजावटीचं सामान, केटररचा आगाऊ पैसा हे सगळं त्या स्वतःच्या कार्डावर भरायच्या आणि नंतर मंडळाच्या खात्यातून परत घ्यायच्या. कुणीतरी बँक स्टेटमेंटवर त्यांचं नाव पुन्हा पुन्हा पाहिलं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यांनी कागद दिले तेव्हा प्रत्येक रकमेला बिल होतं, प्रत्येक खर्चाला समितीची मंजुरी होती, तारखा जुळत होत्या. मी एकेक नोंद लावून पाहिली, अहवाल दिला, आणि सोबत विश्वस्तांना वेगळं पत्र लिहिलं: मंडळाच्या नावाचं कार्ड काढा, ऑनलाइन पैसे पाठवायला दोघांची मंजुरी लागेल अशी सोय बँकेत करून घ्या, एका माणसावर एवढा भार टाकू नका. वार्षिक सभेत अध्यक्षांनी दोन्ही वाचून दाखवलं आणि कुजबूज थांबली.

त्या बाईंवर विश्वास होता म्हणून तपासणी नको, असं म्हटलं असतं तर त्या विश्वासाला आधार कशाचा राहिला असता? लोकांनी त्यांच्यावर संशय घेतला तेव्हा त्यांची बाजू मांडायला कुणीच नव्हतं. ही तपासणी सगळ्यात आधी खजिनदाराच्या बाजूची असते. वर्षभर नोकरी आणि घर सांभाळून, एक पैसा न घेता, रात्री बसून वही लिहिणाऱ्या माणसाचं काम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुणीतरी नीट वाचतं. समितीतही ते बहुधा कुणी वाचत नाही.

आणि ते बाहेरच्यानेच का? कारण तुमच्या नवऱ्याने, वहिनीने किंवा समितीतल्या मित्राने सही केली तर तिचं वजन शून्य. कायद्याच्या भाषेत तपासणारी व्यक्ती स्वतंत्र हवी, आणि हे काम करण्याइतकी कुवत व अनुभव तिच्याकडे आहे असं विश्वस्तांना सकारण वाटायला हवं. विश्वस्त, त्यांचे जवळचे नातेवाईक, संस्थेचे कर्मचारी, रोजच्या कारभारात असणारे, हे सगळे बाद. आपल्या समाजात हे अवघड जातं. एका शहरात दोनशे घरं, सगळी एकमेकांना ओळखणारी. माझ्या स्वतःच्या गावच्या मंडळात माझे यजमान समितीवर आहेत, म्हणून त्याचे हिशेब मी हातात घेत नाही. लोकांना हा अतिरेक वाटतो, मला वाटत नाही.

तपासणीला मर्यादा आहेत. मी प्रत्येक पावती पाहत नाही. कुणी ठरवून, हुशारीने फसवलं तर ते माझ्या हाती लागेलच याची हमी देता येत नाही, आणि तशी हमी माझ्या अहवालात नसतेही. पण अफरातफरीचा पुरावा, पैशाच्या व्यवस्थेतला गंभीर ढिसाळपणा, लाभार्थींना धोका, असं काही समोर आलं तर चॅरिटी कमिशनला लगेच लेखी कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. विश्वस्तांनी "घरात मिटवू" म्हटलं तरी. काम स्वीकारतानाच मी हे सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला धक्का बसत नाही.

आणखी एक प्रश्न अध्येमध्ये येतो: उत्पन्न तपासणीच्या रेषेच्या खाली असेल तर? कायद्याने गरज नाही, मात्र घटना किंवा अनुदान देणारा मागत असेल तर करावंच लागतं. कुणी मागत नसलं तरी करून घ्या असं मी म्हणेन. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. इतकी वर्षं टिकायची इच्छा असलेल्या नव्या मंडळांनी पहिल्या वर्षापासून वह्या दुसऱ्याला दाखवायची सवय लावून घ्यावी.

वेळेचं लक्षात ठेवा. हिशेब आणि वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांत चॅरिटी कमिशनकडे जायला हवं. ३१ मार्चला वर्ष संपत असेल तर ३१ जानेवारी. उशीर झाला तर तो सार्वजनिक नोंदवहीत तुमच्या संस्थेच्या नावापुढे दिसतो, आणि अनुदान देणारे आधी तिथेच पाहतात. माझ्याकडे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात खोकी घेऊन येऊ नका. गणपतीची धामधूम सुरू होण्याआधी, जून-जुलैत या. बँक स्टेटमेंटचं पहिलं आणि शेवटचं पान विसरू नका, इतिवृत्तांवर सह्या असू द्या. तपासनीस सापडत नसेल तर असोसिएशन ऑफ चॅरिटी इंडिपेंडंट एक्झामिनर्सकडे विचारा, किंवा शेजारच्या गावच्या हॉलच्या समितीला विचारा की त्यांचे हिशेब कोण पाहतं. आणि तुमच्यापैकी कुणी हिशेबाच्या नोकरीतून निवृत्त झालं असेल तर चॅरिटी कमिशनची तपासनीसांसाठीची मार्गदर्शिका वाचा आणि एखादी लहान संस्था हाती घ्या. माणसं कमी पडताहेत.