दारावरचं नाव आणि मागची पाटी

‘केल्व्हिनेटर फ्रिजच्या दाराचं रबरी गॅस्केट मिळेल का?’ असं विचारलं की जाणता दुकानदार आधी विचारतो, ‘फ्रिज कुठल्या सालातला?’ तो टाळत नसतो. भारतात या एका नावाखाली निरनिराळ्या घराण्यांचे फ्रिज विकले गेलेत, आणि एकाचं गॅस्केट दुसऱ्याच्या दाराला बसेलच असं नाही.

केल्व्हिनेटर ही मूळची अमेरिकेतल्या डेट्रॉईटची कंपनी, १९१४ सालची. १९३७ मध्ये ती नॅश या मोटार कंपनीशी जोडली गेली, पुढे अमेरिकन मोटर्सकडे आली. त्यांनी १९६८ मध्ये ती व्हाइट कन्सॉलिडेटेड या कंपनीला विकली आणि १९८६ मध्ये व्हाइटच स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सच्या पोटात गेली. नाव इलेक्ट्रोलक्सकडे आलं ते असं.

इकडे फरिदाबादची केल्व्हिनेटर ऑफ इंडिया १९९५ मध्ये व्हर्लपूलने घेतली. कारखाना मिळाला, डीलर मिळाले, नाव मात्र कायमचं मिळालं नाही. घर विकलं, पण दारावरची पाटी भाड्याची होती म्हणा ना! १९९६ मध्ये त्या कंपनीची व्हर्लपूल ऑफ इंडिया झाली, आणि केल्व्हिनेटर हे नाव पुढे इलेक्ट्रोलक्सने आपल्या फ्रिजवर लावलं. २००५ मध्ये इलेक्ट्रोलक्सचा भारतातला धंदा व्हिडिओकॉनकडे गेला. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली, आणि जुलै २०२५ मध्ये केल्व्हिनेटर हे नाव रिलायन्स रिटेलने विकत घेतलं. म्हणजे १९९० च्या फ्रिजचा वारस व्हर्लपूल, आणि त्याच्या दारावरच्या नावाचा आजचा मालक रिलायन्स.

गिझरच्या दुनियेत अ‍ॅरिस्टनचं तसंच. इटलीच्या मेर्लोनी घराण्याने १९३० मध्ये वजनकाट्यांपासून सुरुवात केली. १९७५ मध्ये वाटणी झाली: घरगुती यंत्रं एकीकडे, पाणी तापवण्याची दुसरीकडे, आणि अ‍ॅरिस्टन हे नाव दोघांकडेही राहिलं. यंत्रांची शाखा पुढे इंडेसिट झाली, ती २०१४ मध्ये व्हर्लपूलने घेतली, आणि २०२४ पासून तो युरोपातला धंदा तुर्कस्तानच्या आर्चेलिकचा ७५ टक्के वाटा असलेल्या बेको युरोपकडे आहे. गिझरवाली शाखा मात्र वेगळीच राहिली. आपल्या चाकणची गिझर बनवणारी रॅकोल्ड आज तिचीच.

म्हणून पार्ट मागवताना दारावरचं नाव सांगू नका, यंत्रावरची माहितीची पाटी वाचा. फ्रिजची पाटी बहुधा आत भाजीच्या ट्रेशेजारी किंवा मागे कॉम्प्रेसरजवळ असते. मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि उत्पादनाचा महिना-साल, तिन्हींचा फोटो काढा. ‘निर्माता’ आणि ‘विक्रेता’ अशी दोन नावं असतील तर पार्टसाठी निर्माता महत्त्वाचा.

त्याच पाटीवर फ्रिज थंड करणाऱ्या गॅसचं नाव (आर-१३४ए, आर-६००ए असं) आणि ग्रॅममधलं वजन असतं, आणि घोटाळा इथेच होतो. आर-१३४ए चा फ्रिज आणि आर-६००ए चा फ्रिज बाहेरून सारखेच दिसतात. पण आर-६००ए ज्वालाग्राही असतो आणि त्याचं वजन आर-१३४ए च्या निम्म्याहूनही कमी लागतं. मेकॅनिकने अंदाजाने भरला की गारवा नीट येत नाही, कॉम्प्रेसर तापतो. पाटीवरचा आकडा बघून काट्यावर वजन करूनच भरायला सांगा.

गिझरचं पाणी तापवणारं एलिमेंट तर ब्रँडच्या नावावर घेऊच नका. २००० वॅट सगळेच म्हणतात. फरक असतो फ्लँजमध्ये, म्हणजे एलिमेंट टाकीला बोल्टांनी बसवणाऱ्या चकतीत. बोल्ट किती, दोन बोल्टांमधलं अंतर किती, तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटची नळी किती लांब आणि टाकीला गंजण्यापासून वाचवणाऱ्या अ‍ॅनोड रॉडचा आटा कोणता, हे जुना पार्ट हातात धरून जुळवा. फ्लँजखालचं गॅस्केट दर वेळी नवीनच घाला. जुनं दाबून बसवलं की टाकी तापल्यावर फ्लँजपाशी थेंब थेंब गळायला लागतं, आणि ते पाणी थेट खालच्या वायरिंगवर पडतं.